खटका दाबताच जागा होणारा संगणक: आठवण खरी की भास?

माळ्यावरचा (प्रश्न)

घर रंगवायला काढले म्हणून गेल्या महिन्यात डोंबिवलीच्या घराचा माळा रिकामा केला, तेव्हा पितळी डब्यांच्या मागे सोलापुरी चादरीत गुंडाळलेला एक ऐवज हाती लागला: वडिलांनी १९८७ च्या दिवाळीत आणलेला स्पेक्ट्रम प्लस, त्याचा विटेसारखा जड अडॅप्टर, टीव्हीला जोडायची वायर आणि चार कॅसेट. मूळ यंत्र ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीचे. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन ते विकले होते. ज्यांची शाळा ऐंशीच्या दशकात झाली, त्यांच्यापैकी काहींना तरी ते काळे, टणक कळांचे यंत्र आठवत असेल. वडील आता नाहीत. चादरीची गाठ मात्र त्यांच्याच हातची असावी, कारण ती सोडवायला मला दहा मिनिटे लागली.

माझी शंका अशी. यंत्राला चालू-बंद करायचे स्वतःचे बटण नव्हते, भिंतीवरचा खटका हेच त्याचे बटण. खटका दाबला की टीव्हीचा पडदा क्षणभर काळा होई, मग पांढरा, आणि तळाशी सिंक्लेअर रिसर्चच्या नावाची १९८२ सालची एक ओळ उमटे. तेवढ्यात संगणक कामाला तयार. ‘पी’ ही कळ दाबली की अख्खा ‘प्रिंट’ हा शब्द पडद्यावर येई आणि तोही बोट उचलण्यापूर्वी. आज माझ्या कार्यालयातला लॅपटॉप, ज्याचा प्रोसेसर त्या यंत्रापेक्षा हजार पटींहून अधिक वेगाने धावतो असे त्याच्या खोक्यावरच लिहिलेले आहे, सकाळी सुरू करून मी चहा आणायला जातो आणि परत येतो तेव्हाही तो गोल गोल फिरतच असतो. ही माझ्या बालपणाची अतिशयोक्ती आहे, की खरोखर तसे होते? आणि तसे असेल, तर मधल्या चाळीस वर्षांत प्रोसेसरने कमावलेला सगळा वेग गेला कुठे?

दुसरी शंका व्यावहारिक आहे. हे यंत्र आता पुन्हा सुरू करून पाहण्यात काही धोका आहे का?

सोल्डर

व्यावहारिक शंकेचे उत्तर आधी देतो, कारण तुम्ही उत्साहाच्या भरात खटका दाबाल अशी मला भीती वाटते. कृपया अजून दाबू नका.

पहिली गोष्ट अडॅप्टरची. हे यंत्र ९ व्होल्टच्या डीसीवर चालते आणि त्याच्या पिनेचे मधले टोक ऋण असते. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरचे मधले टोक धन असते, त्यामुळे ‘व्होल्ट तेवढेच आहेत ना’ असे म्हणून घरातला दुसरा कोणताही अडॅप्टर लावू नये. मूळ अडॅप्टर मल्टिमीटरवर तपासा. यंत्र न जोडता मोजल्यास काटा १२–१३ व्होल्टपर्यंत जाईल. त्याने घाबरण्याचे कारण नाही, कारण तो नियंत्रित अडॅप्टर नव्हेच. खरे ५ व्होल्ट आत ७८०५ नावाचा रेग्युलेटर करतो आणि उरलेले सगळे उष्णता म्हणून फेकतो. यंत्राची एक बाजू तापायची, ती त्याच्यामुळेच.

दुसरी गोष्ट मेमरीची. खालच्या १६ किलोबाइट मेमरीच्या ४११६ जातीच्या चिपांना तीन वेगवेगळे दाब लागतात: ५, १२ आणि उणे ५ व्होल्ट. यांतला उणे ५ नाहीसा झाला आणि बाकीचे दोन तसेच राहिले, तर त्या चिपा जळतात. म्हणून इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलून आणि हे तीनही दाब मोजून मगच खात्रीने वीज द्यावी. टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचा हात असलेल्या माणसाला हे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

तिसरी गोष्ट कळफलकाची. आत प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो आणि त्यावर वाहक शाईच्या रेघा. मूळ ४० कळा पाच-पाचच्या आठ गटांत बांधलेल्या आहेत. इतक्या वर्षांनी तो पापुद्रा पापडासारखा ठिसूळ होतो आणि एखादी रेघ तुटली की एक कळ जात नाही, शेजारशेजारच्या पाच कळा एकदम जातात. यंत्र उघडताना त्याची पट्टी ओढली जाणार नाही याची काळजी घ्या.

आठबिटी

पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो. आपली आठवण खरी आहे आणि तिच्यामागे अगदी रोखठोक कारणे आहेत.

स्पेक्ट्रमचा मेंदू म्हणजे झायलॉग कंपनीचा झेड८०ए हा प्रोसेसर, ३.५ मेगाहर्ट्झवर चालणारा. त्याचा मूळ रचनाकार फेदेरिको फाजिन. १९७१ साली इंटेलने ४००४ हा आपला पहिला मायक्रोप्रोसेसर विकायला काढला, त्यातही फाजिन यांचा मोठा वाटा होता. त्या चिपेत सुमारे २३०० ट्रान्झिस्टर होते. पाचच वर्षांनी, १९७६ साली आलेल्या झेड८० मध्ये सुमारे ८५०० झाले. वीज मिळताच झेड८० एकच गोष्ट करतो: पत्ता क्रमांक शून्यावर जो हुकूम लिहिला असेल, तो वाचतो. स्पेक्ट्रममध्ये त्या पत्त्यावर १६ किलोबाइटची रॉम चिप बसवलेली होती आणि तिच्यात बेसिक या प्रोग्रामिंग भाषेसकट सगळी यंत्रणा कायमची कोरलेली होती. कुठून काही आणायचे नाही, कुठे काही मांडायचे नाही. प्रोसेसर डोळे उघडतो तेव्हा पोथी समोर उघडीच असते. त्यानंतर ती रॉम एकच मोठे काम करते: उरलेल्या ४८ किलोबाइट मेमरीच्या प्रत्येक घरात काहीतरी लिहून ते पुन्हा वाचून पाहते. आपल्याला आठवणारा तो क्षणभराचा काळा पडदा म्हणजे ही मोजदाद. ती झाली की पडदा पांढरा होतो आणि ओळ उमटते.

कळ दाबल्याबरोबर अक्षर दिसण्याचे कारणही असेच सरळ आहे. सेकंदाला ५० वेळा प्रोसेसर हातातले काम थांबवून स्वतः कळफलक पाहून येत असे आणि पडद्याची प्रतिमा मेमरीत जिथे असते तिथे स्वतःच अक्षर उमटवत असे. आज आपण कळ दाबतो तेव्हा आधी कळफलकातला छोटा प्रोसेसर ती ओळखतो, मग ती यूएसबीच्या रांगेत उभी राहते, मग कार्यप्रणाली ती उचलून योग्य खिडकीला देते, ती खिडकी आपले चित्र नव्याने काढते, सगळ्या खिडक्यांची चित्रे एकत्र करणारा आणखी एक कार्यक्रम (प्रोग्राम) त्यांची चळत लावतो आणि शेवटी ते पडद्याच्या इलेक्ट्रॉनिक्सकडे जाते. प्रत्येक टप्पा स्वतःपुरता वेगवान असतो, पण टप्पे फार आहेत.

आता वेगाचा हिशेब, जो मला स्वतःला फार उशिरा कळला. ३.५ मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३५ लाख ठोके. एक ठोका साधारण २८६ नॅनोसेकंदांचा. त्या काळची मेमरी चिप मागितलेला बाइट १५० ते २०० नॅनोसेकंदांत हातात देत असे. म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी बरोबरीने पावले टाकत होते, कोणालाच कोणासाठी खोळंबावे लागत नव्हते. आज ४ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा ठोका पाव नॅनोसेकंदाचा झाला आहे, पण मुख्य मेमरीतून एखादी गोष्ट प्रथमच मागवली, तर ती यायला अजूनही ८०-१०० नॅनोसेकंद लागतातच. गवंड्याचा हात हजारपट चपळ झाला, विटा आणून देणारा बिगारी मात्र जेमतेम दुप्पट भरभर चालू लागला. तोंडात मारल्यासारखा गवंडी तीन-चारशे ठोके नुसता उभा! मधल्या काळातल्या प्रोसेसरांची वाढ पाहिली, तर तिचा मोठा भाग ही उभे राहण्याची नामुष्की टाळण्यात खर्च झालेला दिसतो. पायाशी विटांचा छोटा ढीग आधीच रचून ठेवणे म्हणजे कॅश मेमरी. पुढे कोणती वीट लागेल याचा अंदाज बांधून ती मागवून ठेवणे, एक वीट येईपर्यंत दुसऱ्या भिंतीचे काम उरकून घेणे, हे सगळे उद्योग त्यासाठीच.

तुमचा लॅपटॉप सुरू होताना तर हा ढीगही नसतो. मेमरी चिपांशी कोणत्या लयीत बोलायचे हे तो प्रथम चाचपून ठरवतो, त्यानंतर एकेक उपकरण हाक मारून जागे करतो, मग कार्यप्रणाली साठवणीतून उचलून मेमरीत आणतो आणि तिच्यामागे डझनावारी सेवा सुरू करतो. त्यातच एक गमतीची गोष्ट म्हणजे, इंटेलच्या घराण्यातले प्रोसेसर आजवर जागे होताना आपण १९७८ सालचे ८०८६ आहोत असेच समजून उठत आले आहेत. उठल्यावर पहिल्या काही हुकुमांत त्यांना आपण कोण आहोत याची आठवण करून द्यावी लागते.

फिरकी

आठबिटी यांचे विवेचन बिनचूक आहे, परंतु या धाग्यावर स्मरणरंजनाची जी साय धरू लागली आहे, ती थोडी बाजूला सारावीशी वाटते. स्पेक्ट्रम दोन सेकंदांत तयार होत असे हे खरे. पण कशासाठी तयार? रिकाम्या पाटीसाठी. त्याच्याकडून काही करून घ्यायचे, तर कार्यक्रम कॅसेटवरून भरावा लागे आणि ती टेप सेकंदाला साधारण १५०० बिट या गतीने आत जात असे. हिशेब करून पाहा: ४० किलोबाइटचा खेळ म्हणजे सव्वातीन लाखांहून अधिक बिट, म्हणजे साडेतीन मिनिटांच्या वर. त्या काळात पडद्याच्या कडेला निळ्या-पिवळ्या पट्ट्या धावत राहात आणि टेपमधून जो कर्कश आवाज येई, त्याला आमच्याकडे ‘रातकिडे सुरू झाले’ असे म्हणत. तीन मिनिटे सगळे श्वास रोखून बसत आणि मग ‘टेप लोडिंग एरर’. पुन्हा टेप मागे, पुन्हा रातकिडे. आज लॅपटॉप अर्धा मिनिट घेतो म्हणून आपण चिडतो. तेव्हा एका खेळासाठी अख्खी संध्याकाळ गेली, तरी तक्रार करायचे सुचत नव्हते.

माझ्या मोठ्या भावाने यावर एक तोड काढली होती. टेपरेकॉर्डरच्या डोक्याचा, म्हणजे हेडचा कोन पक्का करणारा एक बारीक स्क्रू असतो. बहुतेक टेपरेकॉर्डरांना त्या जागी एक भोक असते. भाऊ सोनाराकडचा स्क्रूड्रायव्हर घेऊन, टेप चालू असतानाच, कान लावून तो स्क्रू केसभर फिरवायचा. आवाज बोदा असला तर कोन चुकलेला. तो जिथे सगळ्यात तीक्ष्ण, कानात घुसणारा होईल, ती जागा बरोबर. मित्राने त्याच्या टेपरेकॉर्डरवर उतरवलेली कॅसेट आली की कोन पुन्हा लावायचा आणि ती झाली की आपल्या कॅसेटसाठी पूर्ववत करायचा. आमच्या घरात लताबाईंच्या कॅसेट त्यामुळे कायम खोल विहिरीतून आल्यासारख्या वाजत आणि आई त्याबद्दल भावाला आजही ऐकवते.

रंगांचेही तसेच. पडद्यावर आठ बाय आठ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकटीत फक्त दोनच रंग मावत. लाल गाडी हिरव्या झाडासमोरून गेली की झाड तरी लाल होई, नाहीतर गाडी हिरवी. चित्र ६१४४ बाइटांत आणि रंग ७६८ बाइटांत बसवायचे, म्हणून केलेली ही काटकसर होती. तिचे कौतुक जरूर करावे, पण तो वेग आपण गमावला असे म्हणू नये. आपण तो रंगांवर, आवाजावर आणि एकाच वेळी वीस कामे करण्यावर खर्च केला. त्यातल्या कामांपैकी एक म्हणजे पडद्यावरची ही देवनागरी, जी त्या यंत्राच्या कळफलकावर नव्हती.

वर्गपाटी

मी निवृत्त शिक्षिका आहे. आमच्या शाळेत स्पेक्ट्रम नव्हता. केंद्र शासनाच्या ‘क्लास’ या शालेय संगणक साक्षरता प्रकल्पातून बीबीसी मायक्रो आले होते. संगणकाच्या खोलीला जाड पडदे होते, चपला बाहेर काढाव्या लागत आणि शिपाईमामा आम्हा शिक्षकांनाही हात पुसून आत सोडत. तोही संगणक असाच चुटकीसरशी सुरू होत असे, ‘टुं-बीप’ असा दोन सुरांचा आवाज करून. मुले त्या आवाजाची नक्कल मराठीच्या तासाला करत.

माळ्यावरचा यांच्या प्रश्नाचे उत्तर एका अर्थाने त्याच यंत्रातून निघाले आहे, म्हणून हे लिहीत आहे. तुमचा लॅपटॉप उशीर लावत असेल, पण खिशातला मोबाइल बोट टेकवताच जागा होतो, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. बीबीसी मायक्रो बनवणारी केंब्रिजची एकॉर्न ही कंपनी १९८३ साली पुढच्या यंत्रासाठी प्रोसेसर शोधत होती. बाजारातला एकही पसंत पडेना, तेव्हा सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी स्वतःच एक प्रोसेसर रचायला घेतला. विल्सन यांनी त्याची कागदावरची रचना तपासून पाहण्यासाठी जो कार्यक्रम लिहिला, तो बीबीसी मायक्रोच्या बेसिकमध्ये. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चिप तयार होऊन आली. तिच्यात ट्रान्झिस्टर अवघे २५ हजारांच्या आसपास, म्हणजे त्याच वर्षी आलेल्या इंटेलच्या ३८६ मधल्या पावणेतीन लाखांच्या एक दशांशाहूनही कमी.

चाचणीचा प्रसंग फर्बर यांनी अनेकदा सांगितला आहे. चिप ठीक चालत होती, पण ती किती वीज घेते हे पाहायला लावलेले ॲमीटर शून्य दाखवत होते. शोध घेतल्यावर कळले की, सर्किट बोर्डावरच्या दोषामुळे चिपेला वीजपुरवठाच जोडलेला नव्हता. शेजारच्या चिपांकडून येणाऱ्या संकेतांमधून झिरपेल तेवढ्या विजेवर ती काम करत होती. स्वस्त प्लास्टिकच्या वेष्टनात बसावी म्हणून ती एक वॅटच्या आत राहिली पाहिजे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात ती एक दशांश वॅटच्या घरात निघाली. हाच तो आर्म प्रोसेसर. त्याची पहिली जागा बीबीसी मायक्रोला जोडलेल्या एका जादा डब्यात होती आणि त्याचे वंशज आज जवळपास प्रत्येक मोबाइलमध्ये आहेत.

मोबाइल झटकन जागा होतो, कारण तो कधी बंदच झालेला नसतो. इतक्या थोड्या विजेवर तग धरणारा प्रोसेसर असला की यंत्राला पुरते झोपवण्याची गरजच उरत नाही, ते फक्त डुलकी घेते. मोबाइल खरोखर बंद करून पुन्हा सुरू केलात, तर तोही लॅपटॉपसारखाच तुम्हाला चहा आणायला पाठवील.

सोल्डर

थोडे अवांतर. वेग नेहमी हवाच असतो असेही नाही, याचा पुरावा म्हणजे नव्वदच्या दशकातल्या पीसींवरचे ‘टर्बो’ बटण. आयबीएमचा १९८१ सालचा पीसी ४.७७ मेगाहर्ट्झवर चालत असे. हा विचित्र आकडाही अमेरिकी रंगीत टीव्हीच्या संकेताशी जुळणाऱ्या स्वस्त स्फटिकाला तीनने भागून आलेला. त्या काळचे अनेक खेळ तो वेग गृहीत धरूनच लिहिलेले होते. नंतरच्या यंत्रांवर ते लावले की गाडी सुरू होण्याआधीच भिंतीवर आदळायची. म्हणून टर्बो बटण यंत्राला हळू करण्यासाठी असायचे. नाव मात्र उलटे. डब्याच्या तोंडावर जे हिरवे आकडे झळकत, ते कोणी मोजत नसे. आत लहान जंपर असत आणि ते लावू तो आकडा दिसे. लॅमिंग्टन रोडवर मी असे डबे जोडायला शिकलो, तेव्हा एका हौशी गिऱ्हाइकाला ३३ च्या जागी ९९ करून दिले होते. तो महिनाभर खुश होता.

आठबिटी

फिरकी यांचा आक्षेप मान्य. ‘वेग गेला कुठे’ याचे ‘खर्च झाला’ हेच उत्तर योग्य आहे. एवढीच भर घालतो की, मेगाहर्ट्झचा आकडा दरवर्षी वाढण्याची ती शर्यत २००४ च्या सुमारास थांबली. पेंटियम ४ तोवर ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला होता आणि त्यापुढे उष्णता आवरेना. त्याचा ठरलेला वारस इंटेलने त्याच वर्षी रद्द केला. एका प्रोसेसरमध्ये एकाच्या जागी दोन, चार, आठ गाभे (कोर) आले ते त्यानंतर. आपला झेड८० मात्र तसाच बनत राहिला; १९७६ सालच्या त्या रचनेच्या सुट्या चिपांच्या शेवटच्या मागण्या झायलॉगने २०२४ साली घेतल्या.

माळ्यावरचा, यंत्राचे काय झाले ते कळवा.

माळ्यावरचा

सर्वांचे आभार. सोल्डर यांच्या सूचनेप्रमाणे आमच्या जुन्या टीव्ही मेकॅनिककाकांना यंत्र दाखवले. त्यांनी चार कपॅसिटर बदलले, तीनही दाब मोजले आणि दुकानात पडून असलेला एक जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही जोडून दिला. रविवारी सकाळी मुलीच्या हाती मोबाइलचे स्टॉपवॉच दिले आणि खटका दाबला. काळा पडदा, पांढरा पडदा, तळाशी ती ओळ. मुलीने एक पूर्णांक आठ सेकंद नोंदवले आणि विचारले, “आता काय करायचं?”

आता ‘प्रिंट’ लिहून तिचे नाव उमटवायचे, असे ठरवले होते. पण ‘पी’ दाबली तर काही होईना. मग ‘ओ’, ‘आय’, ‘यू’, ‘वाय’ दाबून पाहिल्या; त्या पाचही कळा एकदम गेलेल्या आहेत. म्हणजे पापुद्र्याची रेघ तुटली. ‘प्रिंट’ नाही, आणि अवतरणचिन्हही त्याच रेघेवर असल्यामुळे कॅसेट भरायचा हुकूमही देता येत नाही. नवा पापुद्रा मागवला आहे.

तोवर चालणाऱ्या कळांत काय करता येईल ते आठवत बसलो. ‘बी’ दाबली. अख्खा ‘बॉर्डर’ शब्द आला. पुढे २, मग एंटर. पडद्याची कड चारही बाजूंनी लाल झाली आणि तळाशी ‘ओके’ उमटले. मुलीने मला बाजूला सरकवले आणि ३ दाबून पाहिले.